पस्तीसच्या आत

“चौऱ्याऐंशी!” किशोरने माइकवरून आकडा सांगितला आणि मांडवातली कुजबुज थांबली. त्याने दुसरा कागद उंच धरला, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि लॉटरीचा निकाल जाहीर करावा तसा ओरडला, “आणि आज... बावीस!”

टाळ्या अशा पडल्या की धरणाच्या काठाला चरणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या. पुढच्या रांगेतली गौतमी ओक्साबोक्शी रडायला लागली. लग्नाला जेमतेम वर्ष झालेली पोर. महिन्यापूर्वी तिला मठातून सांगितलं होतं की पोटात कॅन्सरची गाठ धरली आहे. आता तिची सासू तिच्या तोंडावरून हात फिरवत होती, आणि तिचे सासरे हैबतराव, ज्यांच्या जागेत हा मठ उभा होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढे वाटत होते.

व्यासपीठावर निरामयनाथ महाराज डोळे मिटून बसले होते. पांढरी शुभ्र कफनी, पायांत पांढरेच स्पोर्ट्स शूज, आणि कानापासून ओठापर्यंत आलेला बारीक माइक. टाळ्या ओसरायला लागल्या तसे त्यांनी डोळे उघडले.

“मी काय केलं?” त्यांनी मांडवाला विचारलं. “काही नाही केलं! मी कोण? धूळ! चिमूटभर अंगारा दिला, बस. डॉक्टर म्हणतील योगायोग. शिकलेले म्हणतील थोतांड. म्हणू द्या! पण माउली, मी म्हणत नाही...”

“लॅब म्हणते!” मांडव गरजला.

“पाठीमागे ऐकू आलं नाही!”

“लॅब म्हणते!”

आता तुम्हीच सांगा, याला काय उत्तर द्यायचं? जुने बाबा लोक बिचारे लिंबातून रक्त काढायचे, नारळातून केस काढायचे. या महाराजांनी लिंबू-नारळ सोडून थेट रक्ततपासणीला हात घातला होता. तपासणीचं नाव सीए एकशेपंचवीस. अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या बाईचे डॉक्टर जो आकडा पुन्हा पुन्हा बघतात, तो हा. साधारण पस्तीसच्या आत असला की ठीक मानतात. रक्त शहरातल्या एका नीटनेटक्या लॅबमध्ये जायचं आणि रिपोर्ट तिथूनच सही-शिक्क्यानिशी यायचा. कुठे खाडाखोड नाही, कुठे हातचलाखी नाही. मांडवात जमिनी विकून बंगले बांधलेले शेतकरी होते, कंपनीच्या कॅबचे ड्रायव्हर होते, आणि हिंजवडीतून ऑफिस सुटल्यावर थेट आलेल्या, गळ्यातलं आयकार्ड काढायला विसरलेल्या मुलीही होत्या. सगळे सारख्याच जोराने ओरडत होते.

शेवटचा मान नेहमी उषाताईंचा. त्यांना हाताला धरून व्यासपीठावर नेलं गेलं. केमोने गेलेले केस आता बोटभर परत आले होते, ते पदराखाली झाकून त्या महाराजांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

“या माउलीचा आकडा होता नऊशेच्या वर!” किशोर म्हणाला. “महाराजांच्या पायाशी आली तेव्हा चौदा. आणि आज...” इथे तो किंचित अडखळला, असं निदान मला वाटलं. “आज एकतीस! पस्तीसच्या आत!”

पुन्हा टाळ्या. मी वाजवल्या नाहीत. चौदाचे एकतीस झाले म्हणजे दुपटीहून जास्त झाले, हे चौथीतल्या मुलालाही कळतं. पण एवढ्या मोठ्या मांडवात ते कोणालाच खटकलं नव्हतं, आणि मला एकटीला जाम राग आला होता.

मी सुलक्षणा. मूळची बार्शीची, हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम चोख आहे असं ते म्हणतात, आणि ते कुठे फसतंय हे मी दाखवते. त्यामुळे ऑफिसात माझं फारसं कोणाशी पटत नाही. कासारसाईत उषाताईंच्या घरी वरच्या मजल्यावर मी गेली कितीतरी वर्षं भाड्याने राहते. भाडेकरू म्हणून आले आणि पहिल्याच हिवाळ्यात तापाने पडले, तेव्हा जिना चढून वर भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या त्या उषाताई. तेव्हापासून माझी इथली आई म्हणा, बहीण म्हणा, त्याच.

मागच्या वर्षी त्यांचं पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की गच्च व्हायचं. सगळे म्हणाले गॅस, त्यांचे यजमान विठ्ठलराव म्हणाले ओवा खा. शेवटी मी त्यांना माझ्या डॉक्टरांकडे, हिंजवडीच्या साधना मॅडमकडे नेलं आणि तिथून गाडी थेट पुण्याच्या कॅन्सरच्या दवाखान्यात गेली. पोटात पाणी झालेलं, आकडा नऊशेच्या वर. मोठं ऑपरेशन झालं, गर्भाशय, अंडाशय सगळं काढलं. वर सहा केमो सांगितल्या. तीन झाल्या आणि आकडा चौदावर आला.

पण त्या तीन केमोंनी उषाताईंचा जीव मेटाकुटीला आला होता. केस गेले, तोंडाची चव गेली, पायांच्या बोटांना सारख्या मुंग्या. हाताच्या शिरा तर अशा दडल्या की रक्त घ्यायला सापडायच्याच नाहीत. सापडायच्या फक्त किशोरला. किशोर त्यांचा धाकटा भाऊ. बारावीनंतर उंडारत होता, तेव्हा त्याला लॅबच्या डिप्लोमाला घातलं ते उषाताईंनीच. “माज्या भावाच्या हाताला गुन हाय,” त्या प्रत्येकाला सांगायच्या. “सुई कवा टोचली ते बी कळत न्हाई.”

हाच किशोर त्यांना मठात घेऊन गेला. महाराजांनी चौदाचा रिपोर्ट कपाळाला लावला आणि म्हणाले, आता विष कशाला घेतेस? उरलेल्या तीन केमो तिथेच राहिल्या. दवाखान्यातून फोन आले, ते विठ्ठलरावांनी उचलणं बंद केलं.

त्या गुरुवारी घरी आल्यावर मी ओट्यावरच विषय काढला.

“उषाताई, चौदापेक्षा एकतीस जास्त आहेत.”

“पस्तीसच्या आत हाय का न्हाई?”

“आहे, पण...”

“मंग झालं तर! किशोर सांगतोय ना. त्यो शिकलाय त्यातलं.”

“तुम्ही आज अर्धीच भाकरी खाल्लीत. मागच्या वर्षी असंच सुरू झालं होतं.”

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग हळू म्हणाल्या, “सुलक्षणा, मला पुन्यांदा त्या खुर्चीवर बसायचं न्हाई गं. लई भ्या वाटतं. आन् समदं गाव काय येडं हाय का? त्या गौतमीचं चौऱ्याऐंशीचं बावीस झालं, तिला तर कुनी केमो बी दिली न्हाई. तिचं कशानं उतरलं, सांग की!”

उषाताईंचा आकडा ऑपरेशनने आणि केमोने उतरला होता, ते सरळ होतं. पण गौतमीचा? आणि तिच्याआधी ज्या दहा-बारा बायकांसाठी टाळ्या वाजल्या, त्यांचा? रिपोर्ट खरे होते. रक्त त्यांचंच होतं. जोवर गौतमीचं कोडं सुटत नाही तोवर उषाताई दवाखान्याची पायरी चढणार नाहीत, एवढं मला कळलं.

मी ऑफिसात जे करते तेच केलं. गोष्ट कुठल्या क्रमाने घडते ते बघायला बसले.

मठाची एक रीत होती आणि तिचं सगळ्यांना फार कौतुक होतं. अडचणीच्या दिवसांत आपल्याकडे बाई देवळात जात नाही. पण महाराजांचं म्हणणं असं की रोग त्याच दिवसांत रक्तात वर येतो, तेव्हा पहिलं रक्त त्याच दिवसांत द्यायचं. मग मठात पाऊल टाकता येत नाही त्या बाईने काय करायचं? तर मठाची गाडीच दारात यायची. फोन केला की किशोर हजर. रक्त घेऊन झालं की पंधरा पुड्या अंगारा, रोज एक पाण्यातून. पंधरा दिवस झाले की डोक्यावरून न्हाऊन, शुद्ध होऊन मठात यायचं आणि दुसरं रक्त गुरूंच्या पायाशी द्यायचं. “अडचणीच्या बाईलासुद्धा म्हाराज लांब लोटत न्हाईत,” असं बायका डोळ्यांत पाणी आणून सांगायच्या. माझ्या ऑफिसातली एक मुलगी तर म्हणाली, “सो प्रोग्रेसिव्ह ना!” ज्यांची पाळी गेली आहे अशा बायकांचं रक्त मात्र महाराज घेत नसत, चौदाचा कागद घेऊन आलेल्या उषाताई तेवढ्या सोडून. तुम्हांला देवानेच शुद्ध केलंय, म्हणायचे. त्याचंही कौतुक.

पाळीत पहिलं रक्त. पाळीनंतर दुसरं. मी तिथेच थांबले.

कारण माझ्या स्वतःच्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ आहे. जुनी आहे, कॅन्सरची नाही, पाळीत दुखते एवढंच. काही वर्षांपूर्वी हीच तपासणी माझी कोणीतरी केली होती आणि आकडा आला होता शंभराच्या आसपास. मी रात्रभर रडले आणि सकाळी साधना मॅडमच्या दारात जाऊन बसले. त्यांनी रिपोर्टवरची तारीख बघून पहिला प्रश्न विचारला, “पाळी चालू होती का?” होती. “मग वाढणारच की. पाळीत वाढतो, सिस्ट असली की वाढतो, गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी असल्या, पोटात सूज असली, दिवस गेले तरी वाढतो. निरोगी बाईला हा आकडा बघून घाबरवायचं नसतं. दोन आठवड्यांनी परत करा.” केला. पस्तीसच्या आत आला. मला कोणी अंगारा दिला नव्हता.

हे मी उषाताईंना त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तू एकदा रगत देऊन बघ म्हाराजांच्या हातानं. मंग बोल.”

म्हटलं, देते.

माझी पाळी नियमित आहे. पाळीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख धरून मी गाडीला फोन केला. किशोर मला बघून चपापला. “म्याडम, तुमी?” मी बाही वर केली. त्याच्या हाताला खरंच गुण होता. सुई कळली नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, ब्याण्णव. गाठ आहे, श्रद्धा ठेवा. उषाताई ते ऐकून ढसाढसा रडल्या आणि त्यांनी माझ्यासाठी सोमवार धरले. आधीच चार घास जेवणारी बाई, त्यात उपास. मला ते बघवत नव्हतं, पण अर्ध्यावर सोडता येत नव्हतं. पंधरा दिवसांनी न्हाऊन-धुऊन मी मठात दुसरं रक्त दिलं. मग महिन्याचा शेवटचा गुरुवार उजाडायची वाट बघत बसले, कारण आकडे वाचायचा कार्यक्रम त्याच दिवशी असायचा.

“ब्याण्णव!” किशोर ओरडला. “आणि आज... सत्तावीस!”

टाळ्या. महाराज स्वतः उठून उभे राहिले. हिंजवडीची शिकलेली बाई गळाला लागली म्हटल्यावर त्यांना राहवेना. “या, माउली, या! संगणकवाल्या आहेत या. यांच्या तोंडून ऐका!” आणि त्यांनी किशोरच्या हातातला माइक माझ्या हातात दिला.

मी पर्समधून पुड्या काढल्या आणि पुढच्या टेबलावर मांडल्या. पंधराच्या पंधरा, दोरासुद्धा न सोडलेल्या.

“हा महाराजांनी दिलेला अंगारा,” मी म्हणाले. “यातली चिमूटही मी घेतलेली नाही. तरी आकडा उतरला.”

मांडवात गलका झाला. महाराज मोठे तयारीचे होते. हसत म्हणाले, “अहो, पुडी घरात आली तरी कृपा पोचते!”

“बरं. मग मला एवढंच विचारायचंय. ज्या ज्या बाईचा आकडा इथे उतरला, तिने पहिलं रक्त दिलं तेव्हा तिची पाळी चालू होती. दुसरं दिलं तेव्हा नव्हती. असं नसलेली एक तरी बाई इथे आहे का?”

पाळी हा शब्द माइकवरून, पुरुषांसमोर, मठाच्या मांडवात. हैबतराव खाली बघायला लागले. बायकांनी पदर पुढे ओढले. आणि तेव्हा मला कळलं की या माणसाला लिंबू-नारळाची गरज का पडली नाही. त्याने आपला सगळा खेळ अशा जागी मांडला होता जिथलं आपण मोठ्याने कधीच बोलत नाही. कोणत्या दिवशी रक्त दिलं, हे नवऱ्याने बायकोला विचारलं नाही, सुनेने सासूला सांगितलं नाही, दोन जावांनी आपसांत पडताळून पाहिलं नाही. आपली लाज त्याच्या कामी आली होती.

“पाळीत हा आकडा वाढतो,” मी म्हणाले. “पाळी संपली की आपोआप उतरतो. अंगारा घ्या नाहीतर पोहे खा. मला आज परत पाळी आली आहे. आज दुसरा दिवस आहे आणि मी इथे उभी आहे.”

“विटाळ!” महाराज किंचाळले. ते ‘मी कोण? धूळ!’ कुठे गेलं कोण जाणे. “मठ बाटवला! खाली उतरा! गोमूत्र आणा रे!”

पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकली. मी मात्र बाही वर केली आणि हात किशोरपुढे धरला. त्याच्या शेजारीच त्याचा ट्रे होता, सुया, कापूस, नळ्या, सगळं तयार.

“किशोर, आत्ता इथे रक्त घ्या. सगळ्यांसमोर. महाराजांच्या पायाशी, त्यांच्याच मठात. कुठल्याही लॅबला पाठवा. आकडा परत वर गेला नाही तर मी या मांडवात सगळ्यांची माफी मागेन.”

किशोर हलला नाही.

मागच्या खुर्चीतून उषाताई उठल्या. “घे की रं,” त्या म्हणाल्या. “घे रगत तिचं. व्हऊन जाऊ दे.”

तो ट्रेकडे बघत राहिला. महाराज त्याला खुणा करत होते, पण काय करायचं ते त्यांनाही कळत नसावं.

“किशोर, घे ना,” उषाताई पुन्हा म्हणाल्या. आवाज बदलला होता. “तू घेत का न्हाईस?”

त्याचा हात उचलला गेला नाही. आणि त्याच्या हाताकडे बघत असलेल्या बहिणीला, मी महिनाभर बोलून जे पटवू शकले नव्हते, ते पटलं.

तेवढ्यात गौतमी उभी राहिली. सासूने पदर धरून खाली ओढलं, तरी उभी राहिली. “माजं बी तसंच झालंय,” ती म्हणाली. “पयलं अडचणीत दिलं व्हतं. दुसरं न्हाल्यावर. म्हयनाभर मी रोज रातीला मरायची तयारी करत व्हते आन् मला काय झालंच नव्हतं?” तिच्या मागून आणखी एक उठली. मग एक आयकार्डवाली. सगळ्या उठल्या नाहीत. बऱ्याच जणी तोंड फिरवून चपला शोधायला गेल्या, आणि विटाळाच्या बाईमुळे मठाची शक्ती गेली असं आजही सांगणारे लोक गावात आहेत. पण त्या दिवशी परत कोणी ‘लॅब म्हणते’ ओरडलं नाही.

मठाच्या गाडीपाशी उषाताईंनी भावाला गाठलं. मी चार पावलं मागे थांबले होते.

“पाळीत आकडा वाढतो हे म्हाराजाला कुनी सांगितलं?”

किशोर गाडीच्या दाराला टेकून उभा होता. “ताई, त्यात कुनाचं काय नुसकान व्हतं? ज्यांना काय झालंच न्हाई त्या बाया बऱ्या झाल्या म्हनून खूश व्हायच्या. हितं समदी मला लॅबसायेब म्हनायची. बाकी कुटं कोन इचारतं रक्त काढनाऱ्याला?”

“मी त्यांचं इचारत न्हाई. माजं इचारते. माजी पाळी गेली, समदं काढून टाकलंय माजं. माजा आकडा चौदाचा एकतीस झाला, तवा तुला कळलं व्हतं का?”

“पस्तीसच्या आत व्हता, ताई...”

“कळलं व्हतं का?”

“व्हय,” तो म्हणाला.

“आन् तू माइकवर वाचलास.”

“तुजा आकडा वाचला न्हाई तर लोक शंका घेतील, म्हाराज म्हनले. मला वाटलं, म्होरल्या म्हयन्यात बघू. उतरंल परत.”

उषाताई रडल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या दंडावर, जिथे तो नेहमी शीर शोधायचा तिथे, हात ठेवला आणि म्हणाल्या, “तुला शिकवलं त्ये ह्याच्यासाठी व्हय रं?” मग माझ्याकडे वळल्या. “सुलक्षणा, तुज्या डाक्टरीनबाईला फोन लाव.”

साधना मॅडमनी सोनोग्राफी केली. पोटात पुन्हा पाणी होतं. एकतीस, पस्तीसच्या आत, आणि पोटात पाणी.

“पण आकडा तर नॉर्मलमध्ये होता!” विठ्ठलराव सारखं म्हणत होते.

मॅडम त्यांच्यावर चिडल्या नाहीत. “तुमच्या धरणाच्या भिंतीवर पाण्याची पट्टी आहे ना? ती पाणी किती ते सांगते. तळाला गाळ किती, ते सांगते का? हा आकडा तसा आहे. उतरला म्हणजे औषध लागू पडतंय. रोग संपला असं त्याने कधीच सांगितलं नव्हतं, म्हणूनच सहा केमो सांगितल्या होत्या. ज्या बाईला हा रोग होऊन गेलाय, तिचा आकडा मागच्या वेळेपेक्षा वर चाललाय की खाली, ते बघायचं. चौदाचे एकतीस दिसले तेव्हाच धावत यायला हवं होतं. आणि आकडा हलला नाही तरी पोट फुगलं, जेवण कमी झालं, तर यायचंच.”

“आता?” उषाताईंनी विचारलं.

“आता परत सुरू करायचं. आधीइतकं सोपं नाही. पण सुरू करायचं.”

पोलिसांत तक्रार दिली आहे, चौकशी चालू आहे. मठाला कुलूप आहे. महाराज कुठे आहेत ते ठाऊक नाही, पण स्पोर्ट्स शूज घातलेला माणूस फार काळ एका जागी बसत नसतो. उद्या तो तुमच्याही गावात येईल, वेगळं नाव घेऊन, वेगळ्या तपासणीचा कागद घेऊन. कागद खरा असेल. तेव्हा कृपा करून टाळ्या वाजवायच्या आधी विचारा. रक्त कुठल्या दिवशी घेतलं? आधीचा आकडा किती होता? मधल्या काळात कुठलं औषध चालू होतं? हा आकडा आणखी कशाकशाने वाढतो आणि उतरतो? हे प्रश्न विचारायला डॉक्टर व्हावं लागत नाही. आणि बायांनो, पाळी हा शब्द मोठ्याने म्हणायला शिका. न म्हणण्याची किंमत माझ्या घरमालकिणीने मोजली आहे.

परत सुरू केलेल्या पहिल्या केमोला मी त्यांच्यासोबत गेले. तीच खुर्ची, जिची त्यांना भीती वाटायची. नर्स तरुण होती, नवी असावी. तिने एका हाताला टोचलं, शीर सापडली नाही. दुसऱ्या हाताला टोचलं, रक्त साकळून निळं झालं. तिसऱ्यांदा टोचायला तिने नवी सुई घेतली.

“सॉरी हं, मावशी. शिरा फार आत गेल्यात तुमच्या.”

“माज्या भावाला घावायची,” उषाताई म्हणाल्या. “एका टोचन्यात. कळायचं बी न्हाई.”

“हो का? मग पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन या ना सोबत.”

उषाताईंनी डोळे मिटले आणि निळा पडलेला हात पुन्हा तिच्यापुढे धरला.

“नगं,” त्या म्हणाल्या. “तूच टोच. धा येळा टोच, पन तूच टोच.”